पहिला सर्व्हे करताना: खान्देशातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

निवडणूक जवळ आली की खान्देशात सगळीकडे एकच प्रश्न ऐकू येतो: हवा कोणाची? पारावर, जिनिंगच्या दारात, रावेर-यावलकडे केळीची गाडी भरताना, एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर. उत्तर देणारे लोकही ठरलेले असतात. वयाने मोठे पुरुष, बहुतेक जमीन असलेले, गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे असे. सालदार तिथे बसत नाही, सून बसत नाही, ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं जोडपं तर गावातच नसतं. तरी मतदान केंद्रावर या सगळ्यांचं मत सारखंच मोजलं जातं. पारावर ज्यांचा आवाज पोहोचत नाही त्यांच्यापर्यंत शिस्तीने जायची पद्धत म्हणजे जनमत पाहणी, आपल्या भाषेत सर्व्हे. जिल्हा परिषदेच्या गटासाठी असो की विधानसभेसाठी, पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पक्ष कोणताही असला तरी पद्धत बदलत नाही.

पायरी पहिली: कोणता निर्णय घ्यायचा आहे?

प्रश्नावली करायला बसण्याआधी एका कागदावर लिहा: हा सर्व्हे झाल्यावर आपण काय ठरवणार आहोत? उमेदवार तोच ठेवायचा की बदलायचा? प्रचारात पाणी पुढे ठेवायचं, पीकविमा की रस्ते? कोणत्या पंचवीस गावांत उमेदवाराने स्वतः जायचं आणि कुठे कार्यकर्त्यांवर सोपवायचं?

मग प्रत्येक प्रश्नाला एक कसोटी लावा. उत्तर आपल्या अपेक्षेच्या उलट आलं तर आपण काय बदलू? काहीच बदलणार नसू, तर तो प्रश्न काढून टाका. "आमचा नेता तुम्हाला आवडतो का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नव्या प्रश्नावलीत असतो, आणि त्याच्या उत्तरावरून कुणी काही निर्णय घेतलेला मी तरी पाहिलेला नाही.

पायरी दुसरी: मतदारसंघ कागदावर नीट पाहा

नकाशा आणि मतदारसंघ यांच्या हद्दी एक नसतात, आणि खान्देशात तर हे विशेष खरं आहे. नंदुरबार लोकसभेत धुळे जिल्ह्यातले साक्री आणि शिरपूर येतात. रावेर लोकसभेत बुलढाण्याचं मलकापूर आहे. धुळे लोकसभेचे निम्मे विधानसभा मतदारसंघ नाशिक जिल्ह्यातले आहेत: मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण. २०२४ साली याच धुळ्यात भाजपचे उमेदवार सहापैकी पाच विधानसभा मतदारसंघांत मिळून मोठ्या आघाडीवर होते, पण एकट्या मालेगाव मध्यने ती सगळी आघाडी भरून काढली आणि काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. त्या निवडणुकीत धुळे शहर, शिंदखेडा आणि धुळे ग्रामीण एवढंच फिरून कुणी अंदाज बांधला असता, तर प्रत्येक मुलाखत खरी असूनही निष्कर्ष चुकला असता.

म्हणून आधी मागच्या दोन निवडणुकांचे फॉर्म २० मिळवा. कोणत्या मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मतं पडली याचा तो अधिकृत तक्ता असतो. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो, नाही मिळाला तर जिल्हा निवडणूक शाखेत विचारा. त्यावरून केंद्रांचे तीन गट पाडा: दोन्ही वेळा आपल्या बाजूचे, दोन्ही वेळा विरुद्ध, आणि एकदा इकडे एकदा तिकडे गेलेले. तुलना करताना केंद्राच्या क्रमांकावर विसंबू नका. दरवेळी यादीचे भाग जोडले-तोडले जातात, क्रमांक सरकतात. गावाचं आणि शाळेचं नाव पाहून जुळवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण दोन रात्री बसून केलं की अर्धा मतदारसंघ डोळ्यांसमोर उभा राहतो.

पायरी तिसरी: आधी ऐका, मग प्रश्नावली लिहा

नव्या मंडळींची सगळ्यात मोठी घाई इथे होते. कार्यालयात बसून दहा मुद्दे लिहायचे आणि लोकांना त्यांतून एक निवडायला सांगायचं. लोक निवडतातही, कारण आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. पण त्यांच्या मनातला मुद्दा तुमच्या दहांत होता की नव्हता, हे तुम्हाला कधीच कळत नाही.

त्यासाठी मोजणीच्या आधी आठ-दहा ठिकाणी छोट्या बैठका घ्या. सहा ते आठ माणसं, तासभर गप्पा, टिपण घेणारा वेगळा. बायकांची बैठक वेगळी आणि ती चालवणारीही बाईच हवी. एकत्र बसवलं की बायका पदर सावरून म्हणतात, "आमले काय समजस, त्यासले इचारा", आणि बैठक तिथेच संपते. सालदार-शेतमजुरांची बैठकही बागायतदारांपासून वेगळी ठेवा. ज्याच्याकडे उद्या कामाला जायचं आहे त्याच्यासमोर कोण मोकळं बोलेल?

बैठक त्यांच्या बोलीत व्हायला हवी. धुळे, अमळनेर, साक्री भागात अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, सातपुड्यात पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची. "तुमले काय वाटस?" असं विचारलं की माणूस सैल होतो. प्रमाण मराठीत तोच प्रश्न आला की समोर कुणी सरकारी माणूस बसलाय असं वाटून उत्तरंही सरकारी येतात.

या बैठकांतून दोन गोष्टी गोळा करायच्या: मुद्दे, आणि त्या मुद्द्यांसाठी लोक वापरतात ते शब्द. आपण लिहितो "शेतीचे प्रश्न". मुक्ताईनगरचा केळीवाला बोलतो करप्यावर, सीएमव्ही या विषाणूमुळे उपटून टाकाव्या लागलेल्या रोपांवर, विम्याच्या पैशावर आणि जाहीर झालेला भाव हातात पडेपर्यंत कसा कमी होतो त्यावर. पारोळ्याचा कोरडवाहू शेतकरी कापसाच्या भावावर आणि विहिरीच्या पाण्यावर बोलतो. अमळनेरात पाणी म्हटलं की पाडळसे धरणाचा विषय निघतो, शिंदखेड्यात सुलवाडे-जामफळ योजनेचा. धडगावच्या पाड्यावर पाणी म्हणजे डोक्यावरचा हंडा आणि चढण. हे सगळे जण प्रश्नावलीत "पाणी/शेती" या एकाच चौकटीत टाकले, तर तुमच्या हाती टक्का येईल, अर्थ येणार नाही.

पायरी चौथी: नमुना कसा काढायचा

किती लोकांना विचारायचं, हा पहिला प्रश्न असतो. गणित सरळ आहे. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं कुणाचंही नाव निघू शकेल अशा रीतीने, निवडलेल्या ४०० लोकांत चूक साधारण ५ टक्के इकडे-तिकडे धरावी लागते, १,००० लोकांत ३ टक्के, २,५०० लोकांत २ टक्के. मतदारसंघात दोन लाख मतदार आहेत की वीस लाख, याने फारसा फरक पडत नाही. मात्र पाचोरा मतदारसंघात पाचोरा आणि भडगाव या दोन्ही तालुक्यांचं चित्र वेगवेगळं हवं असेल, तर प्रत्येकात स्वतंत्रपणे ४०० तरी हवेत. एकूण ४०० मधून भडगावचे शंभर-सव्वाशे बाजूला काढून त्यांवर बोलू लागलात, तर चूक ९-१० टक्क्यांवर जाते.

पण संख्येपेक्षा निवड महत्त्वाची. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवली, २० लाखांहून जास्त उत्तरं आली आणि लँडन जिंकणार असं जाहीर झालं. निवडून आले रूझवेल्ट, तेही प्रचंड मतांनी. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, आणि उत्तरं आली ती ज्यांना उत्तर द्यावंसं वाटलं त्यांचीच. आज तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला पोल हीच चूक करतो. पंधरा हजार लोकांनी बटण दाबलं तरी तो सर्व्हे होत नाही.

खेड्यात चालणारी पद्धत अशी. सगळ्या केंद्रांची यादी करा आणि मतदारसंख्येच्या प्रमाणात, चिठ्ठी टाकल्यासारखी, साठ केंद्रं निवडा. तालुक्याचं गाव, रस्त्यावरचं मोठं गाव, आडवळणाचं गाव, पाडा, सगळे प्रकार त्यात आले का ते पाहा. प्रत्येक केंद्रावर पंधरा माणसं, म्हणजे एकूण ९००. आता त्या केंद्राची मतदार यादी घ्या. समजा यादीत १,१५० नावं आहेत. १,१५० भागिले १५ म्हणजे जवळपास ७६. एक ते ७६ मधला कोणताही एक आकडा चिठ्ठीने काढा, समजा ३१ निघाला. मग ३१, १०७, १८३, २५९ असं ७६ च्या उडीने पुढे जा. ज्या नावावर आकडा पडला त्याच माणसाला भेटायचं. त्याच्या भावाला नाही, शेजाऱ्याला नाही, ओट्यावर रिकामा बसलेल्याला तर मुळीच नाही.

तो घरी नसेल तर संध्याकाळी पुन्हा जा. दिवसा घरी सापडणारी माणसं आणि दिवस उजाडताच शेतात जाणारी माणसं वेगळ्या परिस्थितीत जगतात, त्यांची मतंही वेगळी असू शकतात. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी बारा वाजता गावात शिरून फॉर्म भरणारा गट म्हाताऱ्यांचा आणि नोकरदारांचाच सर्व्हे करून येतो. यादीतलं माणूस वारलं असेल, गाव सोडून गेलं असेल, तर तशी नोंद करा. ही नोंदही उपयोगाची असते.

एक इशारा. साठ केंद्रांतले ९०० म्हणजे मतदारसंघभर विखुरलेले ९०० नव्हेत. एका गल्लीतली माणसं बऱ्याचदा सारखा विचार करतात, म्हणून कागदावरची ३ टक्क्यांची चूक प्रत्यक्षात ४-५ टक्के धरा.

केव्हा करायचा

आपल्याकडे वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत गावात वेगवेगळी माणसं असतात. दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूरकडची हजारो कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात, पुष्कळशी होळीला परततात. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्यात केलेला सर्व्हे मागे राहिलेल्यांचा असतो. मतदानाच्या दिवशी गावात कोण असेल याचा वेगळा अंदाज घ्या. घरी असलेल्यांना सरळ विचारा: घरातलं कोण बाहेर आहे, कधी येणार, मागच्या मतदानाला आलं होतं का? सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये राहणाऱ्या खान्देशी माणसाचं नाव कोणत्या यादीत आहे, हेही विचारून ठेवा.

लोकसभेला आखाजी लक्षात ठेवा. २०२४ साली अक्षय्य तृतीया १० मे रोजी होती आणि जळगाव, रावेर, नंदुरबारचं मतदान १३ मे रोजी. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, आणि नाव मात्र सासरच्या यादीत. त्या आठवड्यात माहेरच्या गावात भेटलेल्या तरुण बाईचं मत त्या गावाच्या हिशेबात धरू नका.

सर्व्हे एकदाच करून थांबूही नका. जून २०२४ मध्ये लोकसभेच्या निकालात राज्यातल्या ४८ पैकी १७ जागा महायुतीला मिळाल्या, नंदुरबारची जागा काँग्रेसने भाजपकडून घेतली. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनीच २३० जागा जिंकल्या आणि खान्देशातल्या २० पैकी १९ महायुतीकडे गेल्या; नवापूर तेवढं काँग्रेसकडे राहिलं. मधल्या काळात दरमहा १,५०० रुपयांची लाडकी बहीण योजना आली, मुद्दे बदलले, उमेदवार बदलले. यातल्या कोणत्या कारणाचा किती वाटा, यावर लोक अजून वाद घालतात. पण जूनचा कागद हातात घेऊन नोव्हेंबरची लढाई आखणाऱ्याचं काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको. एका मोठ्या सर्व्हेचा खर्च असेल तर तो तीन छोट्यांत वाटा आणि दर दीड-दोन महिन्यांनी तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारा.

पायरी पाचवी: प्रश्न

पंधरा मिनिटांत संपेल एवढीच प्रश्नावली करा. सोपे, न बोचणारे प्रश्न आधी, मताचा मध्ये, जात-उत्पन्न अगदी शेवटी. सुरुवातीलाच जात विचारली की पुढची सगळी उत्तरं माणूस त्या चष्म्यातून देतो.

"रस्त्यांची एवढी दुरवस्था झाली आहे, तर तुम्ही विद्यमान आमदारांवर नाराज आहात का?" असा प्रश्न विचारू नका, त्यात उत्तर आधीच घातलेलं आहे. त्याऐवजी असं विचारा: "गेल्या पाच वर्षांत तुमच्या गावात काय चांगलं झालं? काय राहून गेलं?" आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा, पर्याय वाचून दाखवू नका. मग: "मागच्या वेळी मत देताना कोणती गोष्ट सगळ्यात जास्त मनात होती?" मग: "मत कोणाला द्यायचं हे तुम्ही केव्हा ठरवता, आधीच की शेवटच्या दोन-तीन दिवसांत?" हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. शेवटच्या दिवसांत ठरवणारे किती आणि कुठे, यावर प्रचाराचं अर्धं वेळापत्रक ठरतं.

मताचा प्रश्न तोंडी विचारू नका. पक्षचिन्हं छापलेली साधी चिठ्ठी आणि एक बंद डबा सोबत ठेवा. चिठ्ठीच्या मागे फॉर्मचा क्रमांक असतो, नाव नसतं, आणि हे समोरच्याला आधीच सांगायचं. ती चिठ्ठी त्या माणसाच्या हाती द्या, पाठ फिरवा, त्याने खूण करून घडी घालून डब्यात टाकू द्या. दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेचा लोकनीती कार्यक्रम वर्षानुवर्षं ही पद्धत वापरत आला आहे. आपल्याकडे तिचा उपयोग डोळ्यांनी दिसतो. नवरा ओट्यावर बसलेला असतो, सासू दारात. बाई आधी म्हणते, "आमच्या घरात सगळे एकालाच देतात." चिठ्ठी हातात आली की क्षणभर थांबते, पदराआड धरते, खूण करते, चार घड्या घालते. त्या चार घड्यांत जे आहे ते तोंडी विचारून कधीच मिळालं नसतं.

पायरी सहावी: विचारणारी माणसं

निम्म्या मुली हव्यात, हे जमत नसेल तर सर्व्हे पुढे ढकला. मुलाखत घेणारे त्या भागातले असावेत पण त्याच गावचे नसावेत. गावच्या पोरासमोर कुणी खरं बोलत नाही. गळ्यात उपरणं नको, गाडीवर झेंडा नको, पुढाऱ्याच्या घरी चहा नको. सरपंचांना भेटून "आबा, आम्ही माहिती घ्यायला आलोय" एवढं सांगा, पण त्यांचा माणूस सोबत फिरू देऊ नका.

मजुरी फॉर्ममागे देऊ नका, दिवसामागे द्या. फॉर्ममागे पैसे ठेवले की निंबाखाली बसून वीस फॉर्म भरले जातात. मोबाइलवर कोबो टूलबॉक्ससारखं मोफत अॅप वापरलंत तर प्रत्येक मुलाखतीची वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदलं जातं, आणि धडगावात रेंज नसली तरी फॉर्म साठवून नंतर पाठवता येतो. दर दहातल्या एका घरी दुसऱ्या माणसाने पुन्हा जाऊन खातरजमा करायची, आणि हे सगळ्या टीमला पहिल्या दिवशीच सांगायचं.

कायदा

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जनमत चाचणीचे निष्कर्ष टीव्ही, रेडिओ किंवा समाजमाध्यमांवर दाखवता येत नाहीत. कलम १२६ अ नुसार निवडणूक आयोगाने जाहीर केलेल्या काळात मतदानोत्तर चाचणी (एक्झिट पोल) घेऊन तिचे निकाल प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वतःच्या नियोजनासाठी केलेला सर्व्हे ग्रुपवर फिरवायचा मोह होतो. तो टाळा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. सर्व्हेच्या नावाखाली "हा फॉर्म भरा, निवडून आल्यावर तुम्हाला योजनेचे पैसे मिळतील" असं सांगत नावं आणि मोबाइल नंबर गोळा केले जातात. २ मे २०२४ रोजी निवडणूक आयोगाने सर्व पक्षांना हे थांबवायला सांगितलं. त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली ते लाच देण्यात मोडू शकतं. आणि नैतिकदृष्ट्याही ते वाईटच आहे. गरीब बाई तो कागद सरकारी समजून जपून ठेवते. माणसाचं नाव आणि त्याचं मत एकाच कागदावर कधीही ठेवू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे, पण तो नसता तरी हे पाळायलाच हवं होतं. गावात कोणी कोणाला मत दिलं हे फुटलं, तर त्याचा त्रास तुम्हाला होत नाही, त्या माणसाला होतो: मजुरीला, घरकुलाच्या यादीला, नळाच्या पाण्याला.

पायरी सातवी: आकडे वाचणं आणि डाव आखणं

आधी नमुना तपासा. यादीत बायका निम्म्या आणि तुमच्या फॉर्मांत ३८ टक्के असतील, तर प्रत्येक बाईच्या उत्तराला त्या प्रमाणात जास्त वजन द्या. वय आणि तालुका यांचंही तसंच. मागच्या वेळी कोणाला दिलं, या उत्तरांची बेरीज फॉर्म २० शी ताडून पाहा. जिंकलेल्याकडे लोक थोडे जास्त झुकतात, ते चालतं. फार फरक असेल तर निवडीत गडबड आहे.

समजा आपला उमेदवार ३९ वर आणि समोरचा ३६ वर आला. चूक ४-५ टक्क्यांची आहे, म्हणजे लढत बरोबरीची आहे, आणि उमेदवाराला हेच सांगायचं. आता "सांगता येत नाही" म्हणणाऱ्या गटाकडे वळा, खरं काम तिथे आहे. ते कोण आहेत? बहुतेक बायका असतील आणि त्यांच्या उत्तरांत पाणी वारंवार येत असेल, तर सभा कमी करून संध्याकाळच्या घरभेटी वाढवायच्या, आणि त्या बायकांनीच करायच्या. ते बाहेरगावी असलेल्यांच्या घरांत असतील, तर प्रश्न मन वळवण्याचा नाहीच, परत येण्याचा आहे. एकदा इकडे एकदा तिकडे गेलेल्या केंद्रांची यादी या गटाशी जुळवा. जिथे दोन्ही एकत्र येतात, तिथे उमेदवाराचे दिवस द्या.

उत्तरांत जातीनुसार फरक दिसेल. कोणत्या समाजाचा कोणता प्रश्न राहून गेला हे समजायला तो वापरा. एका समाजाला दुसऱ्याची भीती घालायला वापरलात, तर कायद्याने तो भ्रष्ट आचार ठरू शकतो, आणि गावात निवडणुकीनंतरही पाच वर्षं एकाच विहिरीवर पाणी भरायचं असतं.

अहवाल उमेदवाराला एका पानात द्या: तीन निष्कर्ष, प्रत्येकासमोर करायची एक गोष्ट. वाईट बातमी पहिल्या ओळीत लिहा. भाऊंना आवडेल असं लिहिणारे त्यांच्याभोवती आधीच पुष्कळ असतात.

निकालानंतर नवा फॉर्म २० आला की तुमची साठ केंद्रं त्यात शोधा आणि प्रत्येकासमोर दोन आकडे लिहा, आपला अंदाज आणि प्रत्यक्ष मतं. एका केंद्रावर पंधराच माणसं, म्हणून थोडाफार फरक पडणारच; जिथे तो सगळ्यात मोठा आहे, त्या गावांत जाऊन दोन-चार घरी बसा आणि काय निसटलं ते विचारा. त्या वहीवरूनच पुढच्या सर्व्हेची प्रश्नावली लिहायला घ्या.